मोकळ्या कपाळाविषयी खुलासा

कळंब, तालुका आंबेगाव,
सोमवार, ३० मार्च २०२६

श्री. धर्माजी यांस,

हौशीरामाचा नमस्कार. तुमची प्रकृती, तुमच्या सौ. कुशाबाईंचे गुडघे आणि डिंभ्यापलीकडचा तुमचा घाटरस्ता ही तिन्ही सुस्थितीत असावीत अशी अपेक्षा आहे. (तिसऱ्याविषयी ती फोल आहे हे मला ठाऊक आहे, परंतु विचारपूस करताना भेदभाव करू नये.) माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य लोक पत्रात रिवाज म्हणून लिहितात आणि वाचणारे ते ओलांडून पुढे जातात. या पत्रात ते ओलांडू नये. गेल्या महिन्यात तुम्ही तेरा माणसे घेऊन ज्या कामासाठी माझ्या दारात आलात ते पाहता, या वाक्याला पुराव्याचे मूल्य आहे.

परवा तुम्ही फोनवर विचारलेत, "दाजी, ग्यानू सांगतोय त्ये समदं खरं हाय का?" मी तेव्हा उत्तर दिले नाही याचा राग मानू नये. एकोणचाळीस वर्षे टपालखात्यात घालवल्यानंतर महत्त्वाचे निवेदन फोनवरून करणे मला जमत नाही. फोनवर माणूस वाक्य सुरू करतो आणि तुमच्या वाडीतील रेंज क्रियापदापूर्वीच निघून जाते. मग ऐकणारा आपल्या सोयीचे क्रियापद जोडून घेतो. म्हणून हे पत्र. ते घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. खालचे ताजे कलम मात्र एकट्याने वाचावेत.

चि. ज्ञानेश्वर हा तुमचा मुलगा, चिमाबाईचा एकुलता एक भाचा आणि महिनाभरात बोहल्यावर चढणारा नवरदेव. त्याच्याविषयी मला वाईट लिहायचे नाही. आळेफाट्याच्या गॅरेजात त्याच्या हाताला चांगले नाव आहे. परंतु त्याच गॅरेजातून तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्यास जी हकिकत सांगतो ती अशी: "आमच्या मामांनी मोबाईलवर कायतरी बघितलं, त्यांचं डोस्कं फिरलं, घरातलं समदं सामान हिरीत टाकलं आन् आत्याचं कुंकू पुसलं." या एका वाक्यात चार विधाने आहेत आणि चारही दुरुस्तीस पात्र आहेत. मी मोबाईलवर काहीही बघत नाही. माझा मोबाईल टेबलाच्या खणात असतो व सकाळी आठ ते नऊ एवढ्या वेळातच चालू असतो. हे सर्व नातेवाइकांना लेखी कळवलेले आहे. डोक्याविषयी मी स्वतः मत देणे योग्य नव्हे. सामान विहिरीत टाकलेले नाही. जे काही ओतले ते मोरीत ओतले. आणि चौथ्या विधानासाठी हे सगळे पत्र आहे.

तुमची थोरली बहीण, म्हणजे माझी पत्नी चिमाबाई, लग्न होऊन आली तेव्हा मेण लावून त्यावर कुंकू रेखत असे. गेली पंचवीस वर्षे ती चिकटणारी टिकली लावते. रात्री ती काढून आरशाच्या कडेला चिकटवायची, सकाळी तीच पुन्हा कपाळावर. गोंद संपेपर्यंत एक टिकली आठवडाभर चालते. यंदा संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ती अकरा घरी हळदीकुंकवाला गेली आणि अकराही घरांनी तिच्या टिकलीवर आपापले कुंकू लावले. (कुंकू लावल्यावाचून सवाष्णीला उंबऱ्याबाहेर सोडायचे नाही, हा आपला नियम टपालाच्या शिक्क्यापेक्षा कडक आहे. बिनशिक्क्याचे पाकीट मी माझ्या नोकरीत दोनदा गेलेले पाहिले. बिनकुंकवाची सवाष्ण कोणाच्या दारातून गेलेली कधी पाहिली नाही.) २६ जानेवारीस सकाळी ती तोंड धूत असता मी पाहिले, तर टिकलीच्या जागी टिकलीहून थोडा मोठा पांढरा डाग, आणि त्याच्याभोवती लाल, खाजरी कड. मी विचारले. ती म्हणाली, "उन्हाचं आसंल." जानेवारीत.

तिला मंचरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेण्यास मला अकरा दिवस लागले. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मंगलएवढ्या. (मंगल ही आमची कन्या, ओतूरला दिलेली, हे तुम्हांस माहीत आहे; पत्र सर्वांसमोर वाचायचे असल्याने लिहिले.) त्यांनी भिंगाने डाग पाहिला, पिशवीतले टिकल्यांचे पाकीट मागून घेतले आणि सांगितले की, या गोंदात एक रसायन असते, ते सगळ्यांना बाधत नाही, पण ज्यांना बाधते त्यांच्या कातडीचा रंग जातो, तुम्ही बऱ्या वेळेत आलात, आता दहा आठवडे कपाळाला टिकली नाही, कुंकू नाही, गंध नाही, मी देते तेवढे मलम. चिमाबाईने माझ्याकडे बोट केले आणि विचारले, "आन् ह्ये हितं जित्तं बसल्यात, त्येचं काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना बसू द्या की."

उठता उठता त्यांनी मला विचारले, "आजोबा, कानामागं कधीपासून खाजवताय?" (येथे एक गोष्ट कबूल करणे प्राप्त आहे. गेली अकरा वर्षे मी महिन्यातून एकदा केसांना काळी मेंदी लावत असे. पुडीवर मेंदीचे हिरवे पान छापलेले असे, आणि छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणे हा माझा जुना दोष आहे. मेंदीचा रंग काळा येत नाही, काळा येतो तो त्यात मिसळलेल्या दुसऱ्याच रसायनाचा, आणि माझ्या कानामागचे चट्टे त्याचेच, हे मला सत्याहत्तराव्या वर्षी कळले.) मंचरच्या स्टँडवर एसटी लागली तशी चिमाबाई पुढे झाली. मग एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून, मागे माणसे खोळंबली असता, वळून म्हणाली, "तुमी काळं सोडा, मंग म्या लाल सोडते." मी जागीच मान्य केले. मागून कोणीतरी म्हणाले, "आजी, वर तरी चढा, मंग काय सोडायचं त्ये सोडा."

तिने लाल सोडले ते एका हिशेबावर. ६ फेब्रुवारीपासून दहा आठवडे म्हणजे १७ एप्रिल. ज्ञानेश्वराचे लग्न २६ एप्रिलला, हळद आदल्या दिवशी. आपल्याकडे नवरदेवाला हळदीचा पहिला हात आत्याचा. "तवा मातर म्या कपाळभर कुंकू लावून हुबी ऱ्हानार," असे ती म्हणाली, आणि आठ दिवस हाती राहतात हे मी तिला दिनदर्शिकेवर बोट ठेवून दाखवले. ही आठ दिवसांची शिल्लक ध्यानात ठेवावी. ती कोणी घालवली ते पुढे येईल.

त्यानंतर घरात कोणती वस्तू राहावी आणि कोणती जावी, याची छाननी मी हाती घेतली. कपाटे, मोरी, देवघर, माळा. एकंदर चव्वेचाळीस डबे, बाटल्या व पुड्या. प्रत्येकावरील मजकूर मी तिकिटे तपासण्याच्या जुन्या भिंगाने वाचला. धर्माजी, ते वाचन करमणुकीचे नाही. एका पावडरीवर लिहिले आहे, "त्वचेसाठी सुरक्षित मानले जाते." कोण मानते? वाक्यास कर्ता नाही. एका साबणावर "निसर्गाच्या गुणांनी समृद्ध" असे आहे. निसर्गात विंचूही येतो. टिकल्यांच्या पाकिटावर तर देवीचे चित्र, नग संख्या आणि "उत्तम गोंद" यांपलीकडे अक्षर नाही, म्हणजे जी वस्तू बाई कपाळावर पंचवीस वर्षे वागवते तिच्यात काय आहे हे सांगण्याची कोणास गरज वाटलेली नाही. गोधड्यांतल्या डांबराच्या गोळ्या, दार लावून जाळायची डासांची उदबत्ती, ज्याचा वास घेऊन चिमाबाई "आता सोच्छ वाटतंय" म्हणते ते फिनेल, ही सगळी मी एका बाजूला काढली. चिमाबाई उंबऱ्यात बसून पाहत होती. म्हणाली, "माझ्या कपाळावर येक डाग पडला तर ह्यांनी घर धुवून काढलं."

आता मोरी. ११ फेब्रुवारीस संडास धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर, या दोन्ही वस्तू घरात नकोत असे ठरवून मी दोन्ही एकामागोमाग मोरीत रिकाम्या केल्या. या दोहोंची गाठ पडली की विषारी वायू सुटतो आणि त्या कधीही एकत्र करू नयेत, असे बाटलीवर स्पष्ट छापलेले होते. ते मी वाचलेलेही होते. "मिसळु नये" मधील ळु ऱ्हस्व होता, तो मी पेन्सिलीने दीर्घ करून ठेवला होता. (सूचना शुद्ध करण्यात माझे इतके लक्ष गेले की तिचे पालन राहून गेले. ही माझी चूक आहे आणि ती मी लपवत नाही.) शेजारच्या बहिरूने मला बगलेत धरून अंगणात ओढले. खोकता खोकता मी त्याला सांगितले की आत जाऊ नको, दारे उघडी राहू दे. तो म्हणाला, "मास्तर, तुमी निस्तं वाचत जावा. ओतायचं काम मला सांगत जावा." पोस्टमास्तरातील पोस्ट तो कधीच उच्चारत नाही. तो प्रश्न मी त्या दिवशी काढला नाही.

तेव्हा विहिरीचा विषय मिटला. आता दाखला.

मोकळ्या कपाळाने चिमाबाई घराबाहेर पडेना. किराणा मी आणू लागलो, दळण मी नेऊ लागलो, आणि पाण्याच्या टाकीजवळ बाया माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी आजारी आहे. निवृत्त माणसास दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी स्वतः खिडकीमागे बसून असे शेकडो दाखले तपासले आहेत. त्याच धर्तीवर मी १७ फेब्रुवारीस, मंगळवारी, एक मजकूर लिहिला: "दाखला देण्यात येतो की, सौ. चिमाबाई हौशीराम केंगले यांचा पती मी असून आज रोजी हयात आहे. सदरहू बाईंचे कपाळ वैद्यकीय कारणास्तव मोकळे आहे. गैरसमज नसावा." खाली सही, पत्ता व तारीख. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाजवळ ठेवला. चिमाबाई हसली. (गेल्या तीन आठवड्यांत प्रथमच, याची मी नोंद ठेवली आहे.) त्या दाखल्याच्या जोरावर ती शनिवारी, २१ फेब्रुवारीस, मंगलकडे जाण्यासाठी ओतूरच्या एसटीत बसली.

पुढचे मी तिच्याकडून ऐकले. शेजारच्या सीटवरच्या बाईने चौदा नंबरच्या फाट्याजवळ विचारले, "मालक कधी गेलं?" चिमाबाईने दाखला काढला. बाईला वाचता येत नव्हते. तिने कंडक्टरला दिला. कंडक्टरने तो सवलतीचा पास समजून आधी उलटून पाहिला, मग सर्वांना ऐकू जाईल असा वाचला. त्यावर ती बाई म्हणाली, "ह्यो तर मंगळवारचा हाय. आज शनवार. मधल्या मधी काय झालं न्हाई कशावरनं?" धर्माजी, मी त्या बाईस ओळखत नाही, पण एवढी अचूक हरकत माझ्या नोकरीत एकाही वरिष्ठाने घेतली नव्हती. तेव्हापासून मी चिमाबाईला बाहेर पडताना दर वेळी त्या दिवसाच्या तारखेचा नवा दाखला देतो.

एसटी आळेफाट्याला थांबली. तेथे ज्ञानेश्वर एका ट्रकखाली उताणा होता. त्याने ट्रकखालून पाहिले: खिडकीत आत्या, आत्या एकटी, आत्याचे कपाळ मोकळे, आणि सीटवरची बाई आत्याच्या हातावर हात ठेवून काहीतरी बोलते आहे. तो बाहेर येईपर्यंत एसटी निघाली. येथवर त्याचा दोष नाही. जे दिसले ते खरेच दिसले, आणि आपल्या मुलखात त्या दृश्याचा दुसरा अर्थ होत नाही. पण त्याने मला फोन का केला नाही? हे मी त्याला नंतर विचारले. तो म्हणाला, "मामा, मेल्याल्या मान्साच्या फोनवर फोन कसा करनार?" त्याने तुम्हांस फोन केला, आणि माझा फोटो शोधून मोबाईलच्या स्टेटसवर लावला. फोटो २००९ सालचा. खाली "भावपुर्ण श्रद्धांजली" असे ऱ्हस्व पु घालून. शोकसंदेशात लोक शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करतात, कारण ज्याच्याविषयी लिहिले तो हरकत घेण्यास उरलेला नसतो. मी अपवाद ठरलो. दुरुस्ती त्याला कळवली आहे.

रविवारी, २२ फेब्रुवारीस, काय झाले ते तुम्हांस ठाऊक आहे. परंतु तुम्ही पिकअपमध्ये होतात आणि मी अंगणात होतो, म्हणून माझी बाजू नोंदवतो. चिमाबाई ओतूरला. मी परातीत हळद घेऊन बसलो होतो. (कशासाठी, ते पुढे येते. शेवटची काळी मेंदी लावून महिना होत आला होता, त्यामुळे डोके मुळाशी पांढरे व टोकाला काळे, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.) वेशीकडून रडण्याचा आवाज आला. मी उभा राहिलो, कारण गावात कोणाकडे काही झाले असेल तर जाणे कर्तव्य आहे. आवाज जवळ आला तेव्हा कुशाबाईंचे शब्द कळू लागले: "माझ्या वन्संचं सोनं गेलं गं बाई, कसं पांढरं कपाळ बघू गं बाई." कोणाच्या वन्सं, हा प्रश्न मला पडला. तेवढ्यात बहिरू कुंपणावरून उडी टाकून माझ्या दारात आला आणि हमसून रडू लागला. मी त्याला म्हणालो, "बहिरू, आपण आत्ताच पाण्याच्या पाळीविषयी बोललो." तो डोळे पुसत म्हणाला, "व्हय मास्तर, पण इतकी मानसं रडत्यात म्हंजी कायतरी आसंलच की."

कुशाबाई अंगणात आल्या, मला पाहिले, आणि त्यांचा सूर मध्येच तुटला. पदर डोक्यावर ओढून त्या म्हणाल्या, "दाजी, तुमी हाय व्हय?" या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देताना मला प्रथमच थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण मागे तेरा माणसे दोन तासांचा घाट उतरून आलेली, कोणाच्या हातात पांढरा टॉवेल, कोणाकडे टोपी, आणि सर्वांचे चेहरे असे की आपण परत कशासाठी जायचे ते त्यांना कळेना. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कडू घासाची पिठलंभाकरी तुम्ही घरून बांधून आणली होती. ती आपण सर्वांनी अंगणात बसून खाल्ली. स्वतःचा कडू घास खाण्याची संधी फार थोड्यांना मिळते. पिठल्यात मीठ बेताचे होते, कुशाबाईंस कळवावे. टॉवेल तुम्ही विसरून गेलात. तो हळदीचे हात पुसण्यास उपयोगी पडला.

आता हळद. येथून पुढचे मला लिहावेसे वाटत नाही, म्हणून नीट लिहितो.

मी असा विचार केला होता की, अपाय बाजारातल्या वस्तूंत आहे; तेव्हा घरी केलेल्या वस्तूत तो असणार नाही. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपल्या आज्या जाणत होत्या. हळद आपल्या शेतातली, लिंबू परसातले, चुना बहिरूच्या तंबाखूच्या डबीतला. सोमवारी चिमाबाई परतली ती आळेफाट्यावर सगळी हकिकत ऐकूनच. पिशवी टाकून ओसरीवर बसली आणि म्हणाली, "तुमी माझ्यासमोर बसल्यात आन् आठ गावं माझ्यासाठी रडल्यात. आता कायबी करा, पर माझ्या कपाळावर कायतरी लावा." मी घरचे कुंकू पुढे केले. दहा आठवड्यांची मुदत मला माहीत होती. कुंकू नाही, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते. पण ते बाजारच्या कुंकवाविषयी असावेत, असा अर्थ मी स्वतःच लावला. (फोन ऐकणाऱ्यांना मी वर क्रियापद जोडल्याबद्दल बोललो, मी तर सबंध विशेषण जोडले.) तिने ते माझ्याच हाताने लावून घेतले. त्या वेळी तिचा चेहरा कसा झाला, हे पत्रात लिहिण्याचे नव्हे. संध्याकाळपर्यंत कपाळ चुरचुरू लागले. मंगळवारी सकाळी डागाभोवतीची कातडी सोलली होती.

बुधवारी, २५ फेब्रुवारीस, डॉक्टरीणबाईंनी पाहिले आणि भिंग टेबलावर ठेवले. मी सांगितले की, यात बाजारातले काहीही नव्हते. त्या म्हणाल्या, "आजोबा, घरी केलंय हे कातडीला कसं कळणार? चुना तो चुनाच." मग चिमाबाईकडे वळून: "आजी, दहा आठवडे. आजपासून." एसटीत मी बोटांवर मोजले. ६ मे. हळद २५ एप्रिलला.

ती आठ दिवसांची शिल्लक मी घालवली, धर्माजी. टिकली करणाराने नव्हे, ज्ञानेश्वराने नव्हे, अकरा घरच्या बायकांनीही नव्हे. ज्ञानेश्वर म्हणतो मी आत्याचे कुंकू पुसले. हे विधान चुकीचे आहे. मी ते लावले. त्यामुळे जास्त नुकसान झाले.

घरात आता पुढील व्यवस्था चालू आहे आणि ती चालू राहील. वस्तू थोड्या. ज्यावर आत काय आहे ते छापलेले नाही ती वस्तू उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि छापलेले असले तरी आधी डॉक्टरीणबाईंना दाखवली जाते. सुगंध हा गुण समजला जात नाही. डासांसाठी मच्छरदाणी, गोधड्यांसाठी ऊन. मोरी धुताना खिडकी उघडी आणि एका वेळी एकच बाटली, तीही बहिरूच्या देखरेखीखाली. शिकेकाई आहे, पण "घरची आहे" एवढे तिचे प्रमाणपत्र आता मी पुरेसे मानत नाही. माझे डोके पुढल्या महिन्यात पूर्ण पांढरे होईल. डागाचा विस्तार थांबला आहे. कडेला रंगाचे दोन ठिपके परत आले आहेत, ते मी रोज सकाळी भिंगाने पाहतो. चिमाबाई म्हणते, "तिकिटं संपली वाटतं." पण कपाळ पुढे करते.

लग्नाला आम्ही दोघे येऊ. सर्वांस यथायोग्य.

आपला,
हौशीराम केंगले
(सेवानिवृत्त उपडाकपाल)

ता. क. १ – ज्ञानेश्वराचा चेहरा मानेपेक्षा दोन छटा उजळ झाला आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. गॅरेजातल्या त्याच्या पान्यांच्या डब्यात गोरेपणाच्या क्रीमची एक डबी आहे. तिच्यावर करणाराचे नाव नाही, घटक नाहीत, फक्त "सात दिवसांत" असे दोन शब्द आहेत. त्याला रागावू नये. मुलीने त्याला ग्रीस लागलेल्या चेहऱ्यानिशी पसंत केले आहे, एवढे सांगावे, आणि डबीसह त्याला डॉक्टरीणबाईंकडे पाठवावे. अशा बेनामी क्रीममध्ये पारा वा तसलेच तीव्र औषध असू शकते, असे त्यांनी मला सांगितले आहे.

ता. क. २ – वरील सर्व मजकूर खुलाशासाठी लिहिला हे खरे. परंतु पत्र त्यासाठी लिहिलेले नाही. चिमाबाईने सांगून टाकले आहे की, ती लग्नाला येईल पण मांडवात येणार नाही. "म्या मागं सैपाकाकडं बसंन. मोकळ्या कपाळाची बाई हळदीला नगं, मान्सं नावं ठेवत्यात." मी समजावून पाहिले. माझ्या समजावण्याचा आता तिच्यावर परिणाम होत नाही, आणि तो का होऊ नये हे मीच वर लिहिले आहे. कुशाबाईंनीही मागे फोनवर म्हटले होते, "लग्नापुरतं इवलंसं लावलं तर काय हुतंय." तेवढे त्यांनी म्हणू नये. माझी विनंती ही: हळदीच्या दिवशी कुशाबाईंनी स्वतः मागे स्वयंपाकाकडे जावे, चिमाबाईचा हात धरावा आणि तिला सर्वांदेखत मांडवात आणावे. ओटी भरावी, कुंकू लावू नये. हळदीचा पहिला हात तिचाच असावा. हळद हाताने लावतात, कपाळाने नव्हे. कोणी विचारलेच तर मी पुढच्या रांगेत बसलेला असेन. तुमच्याकडे मी आजवर काही मागितलेले नाही.

ता. क. ३ – पाकीट बंद करण्यापूर्वी चिमाबाईने पत्र वाचून दाखवण्यास सांगितले. दुसरा ताजा कलम मी गाळला, तर म्हणाली, "पान उलटल्याचा आवाज आला मला." मग तोही वाचला. तिने पाकीट हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. नंतर म्हणाली, "कुशी आली न्यायला तर बघू." आणि उठता उठता: "बाकी समदं बराबर हाये. येक तारीक चुकली." यास्तव सर्वच तारखा पुन्हा तपासून खाली देत आहे.

तारखांची दुरुस्ती

टिकली व कुंकू बंद केल्याचा दिवस: ज्ञानेश्वर महाशिवरात्र सांगतो. खरा दिवस शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६.

मोरीचा प्रसंग: तो अमावास्येला घडला असे बहिरू सांगतो. बुधवार, ११ फेब्रुवारी. अमावास्येस सहा दिवस अवकाश होता.

माझे निधन: स्टेटसवर शुक्रवार, २० फेब्रुवारी असे दिले आहे. त्या दिवशी मी दळण आणले.

तुमचे सांत्वनास येणे: सोमवारी नव्हे. रविवार, २२ फेब्रुवारी, दुपारी साडेबारा.

डॉक्टरीणबाईंची मुदत संपण्याचा दिवस: १७ एप्रिल नव्हे. बुधवार, ६ मे. कारण वर दिले आहे.

ज्ञानेश्वराची हळद: शनिवार, २५ एप्रिल. यात बदल नाही.

कपाळावरचा डाग प्रथम दिसल्याचा दिवस: मी वर २६ जानेवारी लिहिला आहे. तो चुकीचा आहे. चिमाबाईच्या सांगण्यानुसार दिवाळीचा पाडवा, बुधवार, २२ ऑक्टोबर २०२५. डाग झाकावा म्हणून तिने त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा मोठी टिकली लावली होती आणि ती मला ओवाळत होती. निरांजनाचा उजेड तिच्या कपाळावर होता. मी समोर पाटावर बसलो होतो.